गिटलॅब, गिटी की फोर्जेयो? अकरा जणांच्या टीमसाठी कोडचा स्वतःचा सर्व्हर

प्रश्न थोडक्यात असा. अकरा जणांची टीम. सात जण बेळगावात उद्यमबागेतल्या ऑफिसात बसतात, दोघे निपाणीहून आणि दोघे पुण्याहून घरून काम करतात. फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितात. नव्या ग्राहकाने करारात लिहून घेतलंय की कोड बाहेरच्या कुणाच्या सेवेवर ठेवायचा नाही, स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवायचा. आजवरचा बराचसा कोड गिटहब या बाहेरच्या सेवेवर आहे, त्याआधीचा एसव्हीएन या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या जुन्या प्रणालीत. सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नाही. टीममधलाच एक जण आपलं रोजचं काम करून बघणार. कोड, त्यातले बदल आणि त्यावरची चर्चा एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर त्या सर्व्हरवर बसवायचंय, तर गिटलॅब घ्यावं, गिटी घ्यावं की फोर्जेयो?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. फोर्जेयो घ्या. लिनक्सचं एक साधं मशीन, ४ जीबी रॅम, डेटाबेस पोस्टग्रेस. अकरा माणसांना हे पुष्कळ झालं. मात्र गिटहबवरून एक ओळही हलवायच्या आधी, दोन-चार चाचणीचे प्रकल्प टाकून त्या नव्या सर्व्हरचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या एखाद्या मशीनवर उभा करून बघा. ते तुमच्या त्या एका माणसाला एकट्याने जमलं तरच पुढे जा. नाही जमलं तर कुठलंही नाव निवडलंत तरी पुढे त्रास आहे.

यावर मी एवढा अडून का बसतो ते सांगतो. ऑगस्ट २०१९ चा पाऊस आपल्या भागात कुणी विसरलेलं नसेल. तेव्हा टिळकवाडीतल्या एका ऑफिसचा कोडचा सर्व्हर मी उभा करून दिला होता. टेबलाखाली ठेवलेलं मशीन, शेजारी यूपीएस. दिवसभरात लाईट पाच-सहा वेळा गेली-आली, यूपीएसची बॅटरी जुनी झालेली, आणि संध्याकाळी डिस्कने राम म्हटला. सकाळी त्या टीममधल्या मुलाचा फोन आला, "सर, सर्व्हर चालूच होईना झालाय बघा." मी निर्धास्त होतो. रोज रात्री बॅकअप निघत होता, आणि गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर, ही तिन्ही त्यावरच चालतात) प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा इतिहास असतोच. खरंच, दुपारपर्यंत सगळा कोड नव्या मशीनवर आला.

मग कुणीतरी विचारलं, इश्यू (तक्रारी आणि कामांच्या नोंदी) कुठे आहेत? माझी बॅकअपची स्क्रिप्ट फक्त रिपॉझिटरींचा, म्हणजे प्रकल्पांच्या कोडच्या साठ्यांचा, फोल्डर उचलत होती. डेटाबेस तिच्यात नव्हताच. ग्राहकाच्या तीन वर्षांच्या तक्रारी, कुठला बदल कुणी तपासला, कुणी मंजूर केला, कुठल्या ओळीवर काय चर्चा झाली, हे सगळं डेटाबेसमध्ये होतं आणि ते गेलं. पुढचे चार दिवस आम्ही प्रत्येकाच्या मेलबॉक्समधून इश्यूच्या सूचनांचे मेल शोधून, तारखेने लावून, हाताने पुन्हा नोंदी केल्या. साधारण निम्म्या सापडल्या. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून कुठल्याही टीमला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: सर्व्हर गेला तर कोण उभा करणार, आणि तुम्ही कधी करून पाहिलंय का?

ही फक्त छोट्या ऑफिसांची गोष्ट आहे असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला खुद्द गिटलॅबच्या सार्वजनिक सेवेवर एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हर समजून, मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग कळलं की रोजचा डेटाबेसचा बॅकअप निघतच नव्हता: पोस्टग्रेसच्या आवृत्तीचा मेळ नसल्याने ते काम फसत होतं, आणि फसल्याची सूचना देणारे मेलही पोचत नव्हते. सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. सहा तासांचा डेटा गेला. रिपॉझिटरी शाबूत राहिल्या. गेल्या त्या नोंदी, शेरे, खाती. त्यांनी सगळं उघडपणे लिहून जगासमोर ठेवलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांच्यासारख्यांकडे हे घडू शकतं, तर आपल्याकडे ते घडणार हे धरूनच निवड करायला हवी.

आता गिटलॅबकडे येतो. सॉफ्टवेअर उत्तम आहे. २०११ पासूनचं, इश्यूपासून चाचण्या आणि पॅकेजपर्यंत सगळं एका छताखाली. पण त्या छताखाली किती बिऱ्हाडं आहेत ते बघा: वेब सर्व्हर, मागे चालणारी कामं उचलणारं साइडकिक, गिटचं काम बघणारं गिटाली, पोस्टग्रेस, रेडिस, इंजिनएक्स, शिवाय देखरेखीची मंडळी. हजार वापरकर्त्यांपर्यंतच्या एका सर्व्हरसाठी त्यांचीच शिफारस ८ कोअर आणि १६ जीबी रॅमची आहे. अकरा जणांना कमीत चालतं, चालवलेलंही आहे, पण ४ जीबीवर ते धापा टाकतं.

रॅम विकत मिळते. खरी अडचण अपडेटची. गिटलॅबची नवी आवृत्ती दर महिन्याला येते, आणि मधल्या आवृत्त्या सोडून थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. ठरलेले थांबे घ्यावेच लागतात, आणि प्रत्येक थांब्यावर डेटाबेसचं मागे चालू असलेलं काम पुरं होईपर्यंत थांबावं लागतं. बेळगावहून पुण्याला जाणारी गाडी निपाणी, कोल्हापूर, सातारा घेत जाते तसं. सहा-आठ महिने अपडेट राहिलं की एक अख्खा रविवार त्यात जातो. आणि ते लांबवताही येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅबमध्ये असा दोष सापडला की पासवर्ड बदलण्याचा मेल दुसऱ्याच पत्त्यावर मागवून खातं ताब्यात घेता येत होतं. गंभीरतेच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू असलेली खाती त्यातून वाचली. दुरुस्ती लगेच आली, पण स्वतःच्या सर्व्हरवर ती त्याच आठवड्यात तुम्हालाच बसवायची असते.

आणखी एक गोष्ट, जी किमतीच्या पानावर चटकन लक्षात येत नाही. गिटलॅबचा खुला भाग एमआयटी परवान्याखाली आहे आणि मोफत आहे, पण "दोन जणांची मंजुरी असल्याशिवाय बदल मुख्य शाखेत (कोडच्या अधिकृत प्रतीत) जाणार नाही" ही सक्ती त्यांच्या पैशाच्या आवृत्तीत मिळते. मोफत आवृत्तीत मंजुरी देता येते, अट घालता येत नाही. बाहेरची रिपॉझिटरी आपोआप ओढून तिची प्रत ताजी ठेवण्याची सोयही पैशाचीच. फोर्जेयो आणि गिटीत या दोन्ही गोष्टी सरसकट आहेत. तुमच्या ग्राहकाला मंजुरीची नोंद हवी असणार, म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा आहे.

गिटलॅब मी कुणाला सांगतो? ज्यांच्याकडे सर्व्हरसाठी निदान एक पूर्णवेळ माणूस आहे, किंवा ज्यांच्या चाचण्यांची साखळी आधीच गिटलॅबच्या पद्धतीने लिहिलेली आहे. तुमच्याकडे दोन्ही नाही.

उरले गिटी आणि फोर्जेयो. दोघांचं मूळ एकच. २०१४ मध्ये गो भाषेत लिहिलेलं गॉग्स आलं; एकाच माणसाच्या हाती सगळा कारभार असल्याने कामं अडत, म्हणून २०१६ च्या शेवटी काही जण वेगळे झाले आणि गिटी सुरू झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गिटीचं नाव आणि डोमेन एका नव्या कंपनीकडे गेल्याचं जाहीर झालं. बऱ्याच योगदानकर्त्यांना ते त्यांना न विचारता झाल्यासारखं वाटलं, खुलं पत्र लिहिलं गेलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये फोर्जेयो जन्माला आलं. त्याच्यामागे बर्लिनची कोडबर्ग ही ना-नफा संस्था आहे. एस्परांतो भाषेत या नावाचा अर्थ लोहारशाळा. फाउंड्रीवाल्यांसाठी काम करणाऱ्या टीमला तो आवडावा. सुरुवातीला दोन्हींत फरक नगण्य होता. २०२४ च्या आरंभी फोर्जेयोने पूर्णपणे वेगळी वाट धरली. गिटीच्या १.२२ पर्यंतच्या आवृत्तीवरून फोर्जेयोवर सरळ येता येत होतं. त्यापुढची गिटी असेल तर तो रस्ता बंद आहे.

दोन्ही तांत्रिकदृष्ट्या चांगली आहेत. एकच फाईल चालवायची, तिच्यात सगळं. तुमच्याकडे आधीपासून गिटी चालू असतं तर मी "राहू द्या" म्हटलं असतं. पण नव्याने बसवताय, तर दोन कारणांनी फोर्जेयो. एक, नाव आणि मालकी संस्थेकडे आहे, त्यामुळे आज मोफत असलेली सोय उद्या पैशाच्या आवृत्तीत जाण्याची धास्ती कमी. दोन, वर्षातून एक दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते आणि तिला सव्वा वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. दुसरं काम सांभाळून सर्व्हर बघणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे. वर्षातून एकदा निवांतपणे मोठं अपडेट, बाकी छोटी. गॉग्स नव्याने बसवू नका.

परवान्याबद्दल तुमच्या ग्राहकाचा वकील विचारेल म्हणून सांगतो. फोर्जेयो आवृत्ती ९ पासून, म्हणजे २०२४ पासून, जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे (सॉफ्टवेअर पुढे वाटलं तर त्याचा कोडही द्यावा लागतो, असा). तो परवाना सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला लागू होतो. तुम्ही त्यात ठेवलेल्या कोडला त्याचा स्पर्श होत नाही. कपाट कुणी बनवलं यावरून आतल्या कागदांची मालकी बदलत नाही.

सर्व्हर कुठे ठेवायचा? "स्वतःच्या सर्व्हरवर" म्हणजे ऑफिसातलंच मशीन, की तुमच्या नावावर भाड्याने घेतलेलं क्लाउडमधलं मशीन चालेल, हे ग्राहकाकडून लेखी विचारून घ्या. चालत असेल तर मुंबईत डेटा सेंटर असलेल्या एखाद्या सेवेवर छोटं मशीन घ्या आणि पावसाळ्याची चिंता सोडा. ऑफिसातच ठेवायचं असेल तर यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडाच, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की मशीन आपणहून नीट बंद होईल. बहुतेक ऑफिसांत यूपीएस असतो, ती केबल मात्र खोक्यातच पडून असते. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा.

निपाणी-पुण्याच्या चौघांसाठी वायरगार्ड, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत येण्याचा सुरक्षित खाजगी रस्ता. सर्व्हरचं पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. साध्या ब्रॉडबँडवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तेव्हा एकतर कायमचा आयपी मागून घ्या किंवा बाहेर एक अगदी लहान मशीन नुसतं नाक्यासारखं ठेवा. त्यावरून वाहतूक जाईल, कोड तिथे साठणार नाही. स्वतःहून खातं उघडण्याची सोय बंद, प्रत्येकाला दोन टप्प्यांचं लॉगिन. चाचण्या चालवणारा रनर सर्व्हरच्या मशीनवर ठेवू नका. रनर म्हणजे कुणीही ढकललेला कोड चालवणारं यंत्र; त्याला जुना डेस्कटॉप द्या, पण वेगळा द्या. गिटहबच्या ॲक्शन्सच्या (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या) फाईली फोर्जेयोत बऱ्याचशा तशाच चालतात, सगळ्या नाही. दोन-तीन दिवस डागडुजीला धरा.

तुमच्या कामात ड्रॉइंग आणि पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) प्रकल्पांच्या मोठ्या बायनरी फाईली असणार. त्यांच्यासाठी गिट एलएफएस (मोठ्या फाईली वेगळ्या साठवणारी गिटची जोड) वापरा, फोर्जेयोत ते आहे, एकाच वेळी दोघांनी फाईल बदलू नये म्हणून कुलूप लावायची सोयही आहे. पण इथे एक धोका आहे. मघाशी म्हटलं की गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो. एलएफएसच्या फाईलींना हे लागू नाही. लॅपटॉपवर फक्त चालू प्रत उतरते, जुन्या आवृत्त्या एकट्या सर्व्हरवर राहतात. २०१९ ला आम्हाला लॅपटॉपनी वाचवलं. ड्रॉइंगच्या बाबतीत कोणीही वाचवणार नाही.

आपल्याकडे हमखास येणारी एक गोष्ट. ऑपरेटरसाठीच्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये असतात आणि फाईलींची नावंही लोक त्याच लिपीत देतात. द्यावीतच. पण कमांड लाइनवर गिट ती नावं आकड्यांत दाखवतं: देवनागरी असेल तर उलट्या तिरक्या रेघांसह ३४०, २४४ अशी रांग, कन्नड असेल तर ३४०, २६२. एका मुलाने फाईल खराब झाली समजून ती पुसून टाकली होती. फाईलला काहीही झालेलं नसतं. गिटच्या सेटिंगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, नावं जशीच्या तशी दिसतात. नव्या माणसाचा लॅपटॉप लावताना पहिल्या दिवशीच हे करून टाका.

गिटहबवरून आणणं सोपं आहे. टोकन (गिटहबची प्रवेशाची किल्ली) दिलं की फोर्जेयो कोडबरोबर इश्यू, पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या), लेबल, रिलीज सगळं ओढून घेतं. गिटहब तासाला ५,००० विनंत्यांची मर्यादा घालतं, त्यामुळे मोठे प्रकल्प रात्री लावा. जुने शेरे आणणाऱ्याच्या खात्याखाली येतात, मूळ लेखकाचं नाव बाजूला दिसतं. म्हणून हे काम कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यातून न करता त्यासाठी वेगळं खातं काढा. एसव्हीएनचा इतिहास गिट-एसव्हीएन या साधनाने आणता येतो. आधी एसव्हीएनमधली वापरनावं आणि खरी नावं-मेल यांची जोडयादी करून घ्या, नाहीतर दहा वर्षांचं काम अनोळखी नावांवर जातं आणि ते नंतर दुरुस्त करणं फार कटकटीचं आहे.

आता पुन्हा बॅकअपकडे, कारण खरं काम इथे आहे. उचलायच्या वस्तू पाच: पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत), रिपॉझिटरींचा फोल्डर, एलएफएसचा फोल्डर, इश्यूंना जोडलेल्या फाईली, आणि ॲप डॉट आयएनआय ही सेटिंगची फाईल. ही शेवटची सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. तिच्यात गुप्त किल्ली असते. ती हरवली तर डेटाबेस परत येतो, पण दोन टप्प्यांच्या लॉगिनची माहिती त्या किल्लीने बंद केलेली असल्याने उघडत नाही आणि लोक दाराबाहेर उभे राहतात. गिटलॅबमध्येही हाच खड्डा आहे: त्यांचा बॅकअपचा आदेश गुप्त किल्ल्यांची फाईल मुद्दाम वगळतो, ती वेगळी ठेवायची असते. ही फाईल छापून पाकिटात घालून तिजोरीत ठेवली तरी चालेल. फोर्जेयोचा स्वतःचा डंप आदेश आहे, सगळं एका फाईलीत बांधून देतो. पण उलटा, सगळं सोडवून लावणारा तसा आदेश नाही. ते हाताने करायचं असतं, म्हणूनच सराव हवा.

सराव असा. महिन्याचा पहिला शनिवार, जुना लॅपटॉप, नेटवर्क तोडलेलं. सर्व्हरवर आहे तीच आवृत्ती बसवा, नवी नाही. डेटाबेस भरा, फोल्डर जागेवर ठेवा, सेटिंगची फाईल ठेवा, चालू करा. मग हूक (बदल येताच आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) पुन्हा तयार करण्याचा आदेश द्या. प्रत्येक रिपॉझिटरीतल्या हूकमध्ये फोर्जेयोच्या फाईलीचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. नव्या मशीनवर तो पत्ता वेगळा असेल तर ढकललेला बदल नीट नोंदलाच जात नाही. त्यानंतर डॉक्टर नावाचा तपासणीचा आदेश चालवा. आता माणसासारखं वापरून बघा: मोबाइलवरचा कोड टाकून लॉगिन, कालचा शेवटचा इश्यू, त्याला जोडलेला फोटो, एका ड्रॉइंगची तीन महिन्यांपूर्वीची प्रत, एक क्लोन (अख्खी प्रत उतरवणं), एक पुश (बदल सर्व्हरवर ढकलणं). यातलं एकही अडलं तर बॅकअप नाही असं धरा.

पहिल्या वेळेनंतरचा हा महिन्याचा सराव तुमच्या नेमलेल्या माणसाने करू नये. त्याने लिहिलेला कागद हातात घेऊन दुसऱ्याने करावं, आणि तो खोलीत नसावा. गणपतीला तो खानापूरकडच्या गावी गेला, तिथे रेंज नाही, आणि इकडे सर्व्हर पडला, तर चार दिवस सगळे बसून. कागदात जिथे अडलं तिथे त्याच दिवशी दुरुस्ती करायची. मी सांभाळतो त्यातल्या एका टीमला पहिल्यांदा अख्खा दिवस लागला, आणि शेवटी लॉगिनपाशी अडकले ते वेगळंच. आता तिथली सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी पाऊण तासात उभा करते.

आवृत्ती बदलण्याआधीही हाच बॅकअप घ्या, कारण नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलते आणि जुनी फाईल परत ठेवून मागे येता येत नाही. तुमच्या एसव्हीएनमध्ये किती वर्षांचा इतिहास आहे आणि शाखा नेहमीच्या फोल्डरमध्ये आहेत की कुणी मनाने कुठेही काढल्यात, ते कळवलंत तर ते आणण्याचा क्रम नेमका सांगतो.